शेतातल्या नियंत्रकासाठी संगणक-कार्ड निवडताना
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवते. पेरणीचे अंतर, पाण्याच्या पाळ्या, खताच्या मात्रा हा माझा विषय. मग आज संगणकाच्या कार्डावर बोलायला मी का उभी राहिले, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. कारण असे की, अलीकडे प्रक्षेत्र भेटीला येणारी मंडळी वाण आणि कीड यांच्या जोडीला एक नवा प्रश्न विचारू लागली आहेत. मागच्या प्रदर्शनात द्राक्ष बागायतदाराचा एक मुलगा भेटला. पंप आणि ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप चालवणारा नियंत्रक तो घरीच बनवत होता. म्हणाला, "मॅडम, कार्ड कोणतं घेऊ? जास्त रॅमचं घेतलं म्हणजे झालं ना?" मी त्याला म्हटले, "तसं नाही. तसं समजून मी एकदा मिरची जाळली आहे."

ती हकिकत आधी सांगते.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर १० गुंठ्यांचे पॉलिहाऊस आहे. त्यात गादीवाफ्यांवर ढोबळी मिरची होती. पाण्यासाठी चार भाग, प्रत्येक भागाला एक व्हॉल्व्ह. खताची २०० लिटरची टाकी व्हेंचुरीला जोडलेली आणि तिच्या नळीवरही एक छोटा व्हॉल्व्ह. पूर्वी हे सारे एका जुन्या टायमरवर चालत असे. तो काढून मी तेथे लिनक्सवर चालणारा, तळहाताएवढा संगणक बसवला. चार कोअर, भरपूर मेमरी, पडद्यावर आलेख, सगळे होते. दोन महिने उत्तम चालले. एका रात्री दुसऱ्या भागाला खत सुरू असताना वीज गेली, आली, पुन्हा गेली. दहा मिनिटांत तीनदा असे झाले. संगणकाची सगळी प्रणाली बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. त्यावर लिहिणे चालू असतानाच वीज गेली आणि कार्ड बिघडले. संगणक निम्मा सुरू होऊन तेथेच अडकला. पंपाच्या स्टार्टरला मात्र वेगळा ऑटो होता. वीज येताच त्याने पंप सुरू केला. दुसऱ्या भागाचा व्हॉल्व्ह उघडा, खताच्या नळीचा व्हॉल्व्हही उघडा. चार भागांना चार दिवस पुरावे म्हणून कालवलेले खत पहाटेपर्यंत एकाच भागात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पानांच्या कडा करपू लागल्या. तीन दिवस साधे पाणी सोडून वाफे धुतले, तरी त्या भागातली जवळजवळ एकतृतीयांश झाडे गेली.

तिथे काम करणारे मामा एवढेच म्हणाले, "मॅडम, टायमर होता तेव्हा असं कधी झालं नव्हतं."

नुकसान महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर झाले म्हणून निभावले. बँकेचे कर्ज काढून पॉलिहाऊस उभारणाऱ्याचे निभावले नसते. त्यानंतर मी इंजिनिअर मंडळींकडे जाऊन बसले, वाचले, स्वतः कार्डे जोडून पाहिली. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे मांडते.

यंत्राच्या पोटात बसून एकच नेमून दिलेले काम करणाऱ्या संगणकाला ही मंडळी एम्बेडेड सिस्टीम म्हणतात. ते काम ठरलेल्या वेळेतच व्हायला हवे असेल, तर तिला रिअल टाइम म्हणतात. येथेच आपला गैरसमज होतो. रिअल टाइम म्हणजे वेगवान असे आपण धरून चालतो. पाटाच्या पाण्याची पाळी आठवा. तुमची पाळी रात्री दोनला असेल, तर दोन वाजता बांधावर फावडे घेऊन कोणीतरी उभे असले पाहिजे. तो माणूस चालत आला की मोटारसायकलवर, याला महत्त्व नाही. मोटारसायकल भरधाव हाकून अडीचला पोचणाऱ्यापेक्षा चालत येऊन दोनला उभा राहणारा गडी बरा. नियंत्रकाचेही असेच आहे. एरवी किती चपळ आहे हे बाजूला ठेवा. अगदी वाईट परिस्थितीत त्याला जास्तीत जास्त किती उशीर होईल आणि तो बंद पडला तर शेतात काय होईल, हे दोन प्रश्न विचारा. कार्डाची निवड या दोन उत्तरांवर करायची.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कागद घ्यावा. आपल्या शेतातले प्रत्येक काम लिहून त्यापुढे किती उशीर चालेल ते लिहावे. जमिनीतील ओलावा मोजणे अर्धा तास मागे-पुढे झाले तरी पिकाला कळत नाही. पाण्याची पाळी एखादे मिनिट लांबली तरी बिघडत नाही. फॉगर वेगळा. तो १० सेकंद चालवायचा असेल आणि नियंत्रक पाच मिनिटे गुंगला, तर पाने निथळतात आणि रोगाला आमंत्रण मिळते. व्हॉल्व्ह बदलतानाही क्रम चुकून चालत नाही. पुढचा व्हॉल्व्ह उघडल्यावरच मागचा बंद व्हायला हवा. पंप सुरू आणि सगळे व्हॉल्व्ह बंद अशी अवस्था आली, तर दाब वाढून जोड निसटतात. पंप सुरू करताना आधी व्हॉल्व्ह, मग पंप. बंद करताना आधी पंप, मग व्हॉल्व्ह. हा हिशेब सेकंदांचा आहे.

आणि मोटारीचे संरक्षण. याबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण नव्या उत्साहात येथेच हात पोळतात. चालत्या मोटारीचा एक फेज गेला की उरलेल्या तारांमधून सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो. दोनच फेज असताना मोटार सुरू करायचा प्रयत्न झाला, तर ती फिरतच नाही. नुसती घुमते आणि जळते. सबमर्सिबल पंपाला तर थंडावा आणि वंगण पाण्याचेच. विहिरीचा तळ लागल्यावरही तो चालत राहिला, तर काही मिनिटांत बेअरिंग जाते. ही कामे कार्डातल्या प्रोग्रॅमवर सोपवू नयेत. कार्ड कितीही चांगले असो, प्रोग्रॅम लिहिणारा कितीही हुशार असो. ओव्हरलोड रिले, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि ड्राय रन प्रिव्हेंटर ही स्वतंत्र उपकरणे स्टार्टरच्या पेटीत असावीत आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलची तार त्यांच्यातून गेलेली असावी. कार्डाने "चालू" म्हटले तरी ह्यांनी "नाही" म्हटले, तर मोटार चालता कामा नये. आपल्या गावच्या वायरमनला हे पक्के ठाऊक असते. संगणक शिकून आलेल्या मुलांना ते सांगावे लागते.

आता कार्डांकडे वळू. बाजारात साधारण चार प्रकार दिसतात.

सर्वांत साधे म्हणजे आठ बिटांचे मायक्रोकंट्रोलर. आर्डुइनो उनो हे कार्ड तुमच्यापैकी कोणाच्या तरी मुलाकडे असेलच. त्यातील एटीमेगा३२८ या चिपला रॅम फक्त २ किलोबाइट आहे आणि वेग १६ मेगाहर्ट्झ. आकडे ऐकून हसू येईल. पण ही चिप एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवते, वीज आल्यावर सेकंद-दोन सेकंदांत कामाला लागते आणि तिचा उशीर आधी मोजून सांगता येतो. चार व्हॉल्व्ह आणि एक पंप यासाठी ती पुरून उरते.

दुसरा प्रकार ईएसपी३२ सारख्या चिपचा. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम आणि वाय-फाय आतच. काही शे रुपयांत कार्ड मिळते. आज नवीन जोडणी करणाऱ्याला मी बहुधा हेच सुचवेन. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हिच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पाच व्होल्टचा सेन्सर सरळ जोडला तर चिप जाते. दुसरे, वाय-फाय चालू असताना तिच्या काही पिनांवर सेन्सरचे मोजमाप होत नाही. त्या पिना कोणत्या, हे आधी पाहून मगच तारा जोडाव्यात.

तिसरा प्रकार म्हणजे आमची मिरची ज्याने जाळली तो, लिनक्सवर चालणारा छोटा संगणक. तो वाईट नाही. त्याला चुकीच्या कामावर मी लावले. तो एका वेळी पन्नास कामे करत असतो आणि तुमच्या व्हॉल्व्हचे काम नेमके कधी हाती घेईल याची साध्या मांडणीत खात्री नसते. २०२४ साली लिनक्सच्या मुख्य आवृत्तीतच रिअल टाइमची सोय आली, हे खरे आहे. पण वीज गेल्यावर मेमरी कार्ड बिघडण्याचा धोका आणि पुन्हा सुरू व्हायला लागणारा अर्धा-एक मिनिट या गोष्टी त्याने संपत नाहीत. नोंदी ठेवणे, आलेख काढणे, कॅमेऱ्याची चित्रे साठवणे यांसाठी तो जरूर ठेवावा. व्हॉल्व्हचा हुकूम त्याच्या हाती देऊ नये.

चौथा पीएलसी. कारखान्यात असतो तो. २४ व्होल्टवर चालतो, पट्टीवर अडकवता येतो, बाहेरून येणारे विजेचे झटके सोसण्याची सोय त्यात मुळातच असते. किंमत काही हजारांत जाते, म्हणून आपण नाक मुरडतो. पण मोठे पॉलिहाऊस असेल, खतांच्या तीन-चार टाक्या असतील, ईसी आणि सामू पाहून मात्रा ठरवायची असेल, तर पीएलसीचे पैसे एका हंगामात वसूल होतात असे माझे मत आहे. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत तो दुरुस्त करणारा माणूसही सापडतो.

रॅमच्या आकड्यांना भुलू नये म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत होते. त्यातील संगणकाची बदलती स्मृती अवघी २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ४ किलोबाइट. उतरत असतानाच एका रडारकडून नको असलेले संकेत येऊ लागले, संगणकावर बोजा वाढला आणि १२०२ क्रमांकाची धोक्याची सूचना आली, तीही एकदा नव्हे. त्याने काय केले? कमी महत्त्वाची कामे टाकून दिली आणि यान सांभाळण्याचे काम धरून ठेवले. बोजा वाढल्यावर कोणते काम सोडायचे हे ज्याला आधी सांगून ठेवले आहे, तोच नियंत्रक अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो.

यालाच जोडून वॉचडॉग. नाव ऐकून वस्तीवरचा कुत्रा आठवेल, आणि काम तसेच आहे. चिपमध्ये एक स्वतंत्र घड्याळ असते. प्रोग्रॅमने दर काही सेकंदांनी त्याला "मी जागा आहे" असे सांगायचे. सांगितले नाही, तर प्रोग्रॅम अडकला असे समजून ते चिपला नव्याने सुरू करते. एटीमेगा३२८ मध्ये ही मुदत जास्तीत जास्त ८ सेकंदांची ठेवता येते. सोय चिपमध्ये असते, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती वापरलेली नसते. विकणाऱ्याला "वॉचडॉग चालू आहे का?" असे विचारून पाहा. उत्तर देण्याच्या पद्धतीवरून माल कळतो.

आता शेतातल्या परिस्थितीकडे येऊ. प्रयोगशाळेत पंख्याखाली चालणारे कार्ड वैशाखात विहिरीवर चालेलच असे नाही. साध्या दर्जाचे भाग ० ते ७० अंश सेल्सिअससाठी असतात, औद्योगिक दर्जाचे उणे ४० ते ८५ अंशांसाठी. उन्हात ठेवलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत हवेपेक्षा तापमान बरेच वर जाते, हे तुमच्या स्टार्टरच्या पेटीला हात लावून तुम्ही अनुभवलेच आहे. पेटीवर सावली करावी. हा खर्च नाही, चार बांबू आणि जुना पत्रा पुरतो. पेटी आयपी ६५ दर्जाची असावी, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा बसला तरी चालते. तारा घेण्याची छिद्रे मात्र आपणच पाडतो आणि उघडी ठेवतो. मग आत मुंग्या घर करतात, पाल शिरते. एका पेटीत कॉन्टॅक्टरच्या टोकांमध्ये चिकटून मेलेली पाल मी स्वतः पाहिली आहे. छिद्रांना ग्रंथी बसवाव्यात, गावात त्यांना केबल ग्लँड म्हणतात.

कॉन्टॅक्टरची कॉइल २३० किंवा ४१५ व्होल्टची असते, तर कार्डाच्या पिनेतून जेमतेम काही मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. म्हणून मध्ये रिले हवा आणि तो प्रकाशाच्या संकेतावर चालणारा, म्हणजे ऑप्टो प्रकारचा असावा. कॉइल सुटताना विजेचा उलटा झटका बसतो. त्यासाठी कॉइलवर स्नबर बसवावा. "मोटार बंद झाली की कार्ड आपोआप रीसेट होते" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते. आणखी एक बारकावा. कार्डाला वीज देताच रिले एकदा "टक्" असा वाजतो का, ते कान देऊन ऐकावे. वाजत असेल तर वीज आल्याबरोबर तो रिले क्षणभर स्टार्टरचे हिरवे बटन दाबतो आहे, असे समजा. क्षणभर दाबले तरी स्टार्टर धरून ठेवतो आणि मोटार सुरू होते.

व्हॉल्व्ह घेताना तर कार्डाइतकाच विचार करावा. २४ व्होल्ट एसीचा साधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह वीज असेपर्यंत उघडा राहतो, वीज जाताच मिटतो. लॅचिंग प्रकारचा व्हॉल्व्ह एका झटक्याने उघडतो, दुसऱ्या झटक्याने मिटतो आणि मध्ये वीज खात नाही. बॅटरीवर तो सोयीचा. पण वीज गेली की तो ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत राहतो. आमच्या खताच्या नळीवर लॅचिंग व्हॉल्व्ह होता. तेथे साधा असता, तर संगणक अडकताच खत थांबले असते.

सेन्सरलाही हेच लागू. ओलाव्याच्या काही सेन्सरची तार उंदराने कुरतडली, तर नियंत्रकाला "जमीन ठणठणीत कोरडी" असेच दिसते आणि तो पाणी सोडतच राहतो. ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत देणारा सेन्सर थोडा महाग पडतो, पण त्याचा शून्य बिंदूच ४ आहे. तार तुटली की ० येतो आणि नियंत्रकाला दोष कळतो. स्वस्तातला घेतलाच, तर एका दिवसात जास्तीत जास्त किती मिनिटे पाणी सोडायचे याची मर्यादा प्रोग्रॅममध्ये घालून घ्यावी.

घड्याळासाठी वेगळी चिप लावावी. डीएस३२३१ घेतली तर साधारण वर्षाला एखादे मिनिट चुकते आणि नाण्याएवढ्या सेलवर ती वीज नसतानाही चालते. नोंदी ठेवतानाही जपावे. एटीमेगाची कायम स्मृती एका जागी सुमारे १ लाख वेळा लिहिण्याइतकी टिकते. दर मिनिटाला त्याच जागी लिहिले, तर सव्वादोन महिन्यांत तो आकडा संपतो.

मोबाईलबद्दल दोनच शब्द. फोनवरून मोटार चालू-बंद करता येते हे फार सोयीचे आहे, रात्रीची वीज असलेल्या भागात तर विंचू-काट्यापासून सुटका आहे. पण एसएमएस कधी दोन सेकंदांत पोचतो, कधी दोन तासांनी. म्हणून निर्णय शेतातल्या कार्डाने घ्यावा, फोनवर फक्त खबर यावी. स्वस्तातले मोडेम टूजीचे असतात. त्यात जिओचे सिम चालत नाही. आपल्या विहिरीवर कोणाचा टूजी सिग्नल येतो हे आधी पाहावे.

घेण्यापूर्वी काय करावे हे त्या द्राक्षवाल्या मुलाला मी सांगितले, तेच तुम्हालाही सांगते. दुकानातल्या टेबलावर नियंत्रक सुरू करून पाणी देण्याचा कार्यक्रम लावा आणि मध्येच प्लग ओढा. पुन्हा लावा, पुन्हा ओढा. वीस वेळा. दर वेळी तो स्वतःहून, योग्य व्हॉल्व्हपासून कामाला लागतो का ते पाहा. सेन्सरची तार काढा, तो काय करतो ते पाहा. प्रोग्रॅमची प्रत आपल्याकडे मागून घ्या, कारण कार्ड बदलता येते, पण प्रोग्रॅम विक्रेत्याच्या लॅपटॉपमध्ये अडकला तर हंगाम जातो. आणि पेटीवर एक हाताने फिरवायचा स्विच हवाच, ज्याने कार्ड पूर्ण बाजूला सारून पंप चालवता येईल.

तो मुलगा आठवड्याने पुन्हा आला. नवव्या वेळी प्लग ओढल्यावर त्याचा नियंत्रक दोन व्हॉल्व्ह एकदम उघडून बसला होता. "बागेत लावला नव्हता, मॅडम, घरीच बादलीवर पाहिलं," असे तो म्हणाला. आम्ही दोघांनी प्रोग्रॅम उघडला. सुरुवातीला सगळे व्हॉल्व्ह बंद करण्याची ओळच त्यात नव्हती.

आमच्या पॉलिहाऊसमध्ये आता ईएसपी३२ चे कार्ड व्हॉल्व्ह सांभाळते, खताच्या नळीवर साधा सोलेनॉइड आहे, आणि पंपाचा ऑटो काढून पंप कार्डाच्या रिलेवर, संरक्षणाच्या उपकरणांमागून घेतला आहे. लिनक्सचा संगणक शेजारी बसून फक्त नोंदी ठेवतो. जुना टायमर मामांनी फेकू दिला नाही. तो हाताच्या स्विचशेजारी जोडून ठेवला आहे, आणि महिन्यातून एकदा मामा तो चालवून पाहतात.